अनुभवाची अट आणि शिकवणाऱ्याचा विसर

गोव्यातील रोजगाराची चर्चा गेली काही वर्षे 'अनुभव' या एकाच शब्दाभोवती फिरते आहे. मे २०२४ मध्ये राज्यातील औषधनिर्मिती कंपन्यांनी आपल्या गोव्यातील कारखान्यांसाठीच्या मुलाखती महाराष्ट्रात ठेवल्याचे समोर आले, तेव्हा मोठा गदारोळ उठला. विरोधकांनी जाब विचारला, सरकारलाही त्यात लक्ष घालावे लागले. अशा प्रत्येक वादात उद्योगांकडून एक कारण ठरलेले असते: हव्या त्या कामाचा अनुभव असलेले उमेदवार येथे पुरेसे मिळत नाहीत. दुसरीकडे, सरकारी नोकरीत येण्यापूर्वी उमेदवाराने किमान एक वर्ष खासगी क्षेत्रात काम केलेले असावे, अशी भूमिका मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांनी २०२२ पासून मांडली आहे. म्हणजे खासगी कारखान्याच्या फाटकावर अनुभव मागितला जातो आणि सरकारी खात्याच्या दारातही अनुभवच मागितला जातो. तो द्यायचा कोणी, हा प्रश्न मात्र दोन्ही ठिकाणी कोणी विचारत नाही.

अनुभव ही बाजारात विकत मिळणारी वस्तू नाही आणि केवळ दिवस भरल्यानेही तो येत नाही. एकाच यंत्रावर दहा वर्षे काढूनही ते यंत्र न कळलेली माणसे असतात, आणि चांगला शिकवणारा भेटला म्हणून दोन वर्षांत तरबेज झालेलीही असतात. या दोघांमधला फरक बहुतेक वेळा एका माणसाचा असतो. शेजारी उभे राहून दाखवणारा, चूक झाली की कारण सांगणारा, आपल्या ओळखीच्या चार माणसांत नवख्याला बसवून घेणारा असा कोणी ज्येष्ठ सहकारी लाभला की शिक्षण सुरू होते. आपल्या रोजगारविषयक योजनांत शिकणाऱ्याची गणती आहे, त्याचे विद्यावेतन आहे, प्रमाणपत्रही आहे. शिकवणाऱ्याला मात्र त्यांत जवळपास जागा नाही. या योजनांचे फळ अपेक्षेहून कमी का पडते, याचे एक मोठे कारण येथे आहे.

कायदा काय मोजतो?

शिकाऊ उमेदवारीचा कायदा देशात १९६१ पासून आहे. २०१९ मध्ये बदललेल्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही धरले जातात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची, म्हणजे ५,००० ते ९,००० रुपयांऐवजी ६,८०० ते १२,३०० रुपयांची शिफारस केली. गोवा सरकारनेही गेल्या काही वर्षांत शिकाऊ उमेदवारीवर भर दिला असून सरकारी खात्यांतही असे उमेदवार घेतले जात आहेत.

शिकवणाऱ्याचा उल्लेख मूळ कायद्यात अजिबात नाही, असे नव्हे. मालकाच्या कर्तव्यांची यादी देणाऱ्या अकराव्या कलमात, मालक स्वतः त्या व्यवसायात पारंगत नसेल तर विहित पात्रता असलेली व्यक्ती प्रशिक्षणाची प्रमुख म्हणून नेमावी, असे म्हटले आहे. पण २०१४ च्या दुरुस्तीने तुरुंगवासाची तरतूद काढून आर्थिक दंड ठेवला, तेव्हा त्या दंडाचा मुख्य हिशेब बांधला गेला तो रिकाम्या राहिलेल्या जागांशी. जागा भरली, करार नोंदवला, विद्यावेतन खात्यात जमा झाले, की कागद पूर्ण होतो. त्या उमेदवाराला वर्षभर कोणी काय शिकवले, आणि शिकवणाऱ्याला त्यासाठी कामाच्या वेळेतला किती वेळ मिळाला, हे विचारणारा रकाना कोठेच नाही.

जागा निर्माण करणे आणि माणूस घडवणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे पंतप्रधान इंटर्नशिप योजनेने स्पष्ट केले. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या या योजनेत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातील आघाडीच्या ५०० कंपन्यांत बारा महिन्यांचा अनुभव देण्याचे उद्दिष्ट आहे. महिन्याला ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदा ६,००० रुपये अशी मदत ठेवली गेली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रायोगिक टप्पा सुरू झाला. पहिल्या फेरीत सुमारे १ लाख २७ हजार संधी उपलब्ध होत्या, ८२ हजारांहून अधिक प्रस्ताव उमेदवारांना गेले, त्यांतले सुमारे २८ हजार स्वीकारले गेले आणि प्रत्यक्ष रुजू झालेले उमेदवार नऊ हजारांच्याही आत राहिले. घरापासूनचे अंतर, कामाचे स्वरूप, दीर्घ कालावधी अशी कारणे पुढे आली, आणि ती खरीही असतील. पण आपला गाव सोडून परक्या शहरात वर्षभर पाच हजारांवर राहायचे, तर तेथे आपल्याला हाताशी धरणारे कोणी आहे, एवढी खात्री तरी तरुणाला हवी असते. संधीच्या यादीत कंपनीचे नाव होते, जिल्हा होता, कामाचे शीर्षक होते. मार्गदर्शकाचे नाव नव्हते.

काम शिकले कसे जाते?

कामाच्या जागी माणूस नेमका कसा शिकतो, याचा बारकाईने अभ्यास झालेला आहे. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात शिंप्यांच्या दुकानांत शिकणाऱ्या मुलांचे निरीक्षण केले. तेथे मुलगा आधी गुंड्या लावणे, दुमडपट्टी घालणे अशी शेवटची कामे शिकतो, मग शिवण आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. हा उलटा क्रम सहेतुक आहे. तयार कपडा हातात आला की तो कसा जोडलेला आहे हे आपोआप कळते, आणि गुंडी चुकली तर ती उसवता येते. चुकीचे बेतलेले कापड मात्र वाया जाते. नवख्याला खरे काम द्यायचे, पण ज्यात चुकले तरी निभावेल असे द्यायचे, ही त्या उस्तादांची रीत. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकात यातून एक सिद्धान्त मांडला: शिकणे म्हणजे काम करणाऱ्यांच्या एका समुदायात कडेने प्रवेश करणे आणि हळूहळू मध्यापर्यंत पोहोचणे.

ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. त्यांना आढळले की यंत्राची जाड पुस्तिका जिथे अडते, तिथे तंत्रज्ञांनी चहा-जेवणाच्या वेळी एकमेकांना सांगितलेल्या हकिकती उपयोगी पडतात. 'त्या कार्यालयातल्या यंत्राने असाच घोळ घातला होता, तेव्हा आम्ही काय केले' ही गोष्ट म्हणजे त्यांचे खरे पाठ्यपुस्तक. कंपनीच्या हिशेबी असा वेळ वाया गेलेला. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात एकाचे ज्ञान चौघांचे होत होते.

कॅथी क्रॅम यांनी १९८५ मध्ये नोकरीतील मार्गदर्शकाच्या कामाचे दोन भाग दाखवून दिले. पहिला भाग कारकिर्दीचा: काम शिकवणे, आव्हानाची जबाबदारी मिळवून देणे, वरिष्ठांसमोर नाव पुढे करणे, चूक झाली तर पाठीशी उभे राहणे. दुसरा भाग मनाचा: धीर देणे, ऐकून घेणे, आपल्या वागण्यातून उदाहरण घालून देणे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी यांतला पहिल्या दिवशीच्या माहिती-सत्राएवढाच तुकडा उचलला जातो. बाकी सगळे त्या माणसाच्या नशिबावर सोडले जाते.

गोव्याच्या संदर्भात हे तपासून पाहायचे तर औषध कारखान्यातील प्रयोगशाळेचे उदाहरण घेता येईल. रसायनशास्त्राची पदवी घेतलेला मुलगा तेथे येतो. प्रत्येक कृतीची लेखी कार्यपद्धती त्याला वाचायला मिळते, वाचल्याची सहीही घेतली जाते. नोंद काम करतानाच करायची, आठवून नंतर नाही. आकडा चुकला तर तो झाकायचा नाही, एक सरळ रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख लिहायची, हे सारे कागदावर असते. पण हा नियम पाळणे म्हणजे काय, हे त्याला खऱ्या अर्थाने तेव्हाच कळते, जेव्हा पहिली चूक होते. त्या क्षणी शेजारचा ज्येष्ठ 'लिहून काढ, मी बरोबर येतो, आपण साहेबांना सांगू' म्हणाला, तर तो मुलगा आयुष्यभर खरी नोंद करतो. 'गप्प बस, नवीन कागद घे' म्हणाला, तर तेही तो आयुष्यभर शिकतो. परदेशी तपासणी पथकाला अशी एक नोंद सापडली तर निर्यातीला फटका बसतो आणि औषध घेणाऱ्या रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो. एवढी मोठी गोष्ट त्या ज्येष्ठाच्या एका वाक्यावर अवलंबून असते, आणि ते वाक्य बोलणे हा त्याच्या नेमून दिलेल्या कामाचा भाग मात्र नसतो.

एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुग्णालयांच्या अभ्यासात असाच धागा सापडतो. ज्या विभागांत परस्परसंबंध चांगले आणि प्रमुख विश्वासू, तेथे औषधांच्या चुकांची नोंद कमी असेल असे वाटले होते. आढळले उलट: तेथेच अधिक चुका नोंदल्या गेल्या होत्या. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की तेथे चुका सांगण्याची भीती नव्हती. इतरत्र त्या दडवल्या जात होत्या, आणि दडवलेली चूक कोणालाच काही शिकवत नाही.

कूड, खाणावळ आणि मेस्त

हे सारे परदेशी संशोधनातून समजून घ्यावे लागावे, इतके ते आपल्याला परके नाही. गोव्यातला सुतार, गवंडी, शिंपी हा आजही लोकांच्या तोंडी 'मेस्त' असतो. त्या एका शब्दात काम जाणणारा आणि काम शिकवणारा असे दोन्ही अर्थ आहेत. मेस्ताकडे राहिलेला मुलगा वर्षानुवर्षे हत्यारे देत, लाकूड धरत शिकला. त्या पद्धतीत दोषही होते. फुकट राबवणे होते, मार होता आणि जातीची कुंपणे होती. त्या दोषांसह ती परत आणावी असे कोणी म्हणणार नाही. पण शिकवणारा कोण, हे त्या पद्धतीत प्रत्येकाला ठाऊक होते.

मुंबईतल्या गोंयकारांच्या 'कुडी' हे कामाभोवती उभ्या राहिलेल्या समुदायाचे आणखी बोलके उदाहरण. एकोणिसाव्या शतकापासून धोबीतलाव, माझगाव, डोंगरी या भागांत गोव्यातील एकेका गावाच्या नावाने या कुडी उभ्या राहिल्या. मोठमोठ्या खोल्या, भिंतीशी ओळीने लावलेल्या पेट्या, एक वेदी, संध्याकाळची प्रार्थना आणि अगदी माफक भाडे. जहाजावर नोकरी मिळवण्यासाठी आलेला तरुण आपल्या गावच्या कुडीत उतरे. कोणत्या कंपनीच्या कचेरीत जायचे, कागदपत्रे कोणती, स्वयंपाकघरात काम मिळाले तर वागायचे कसे, पहिला पगार घरी कसा पाठवायचा, हे सगळे त्याला दोन फेऱ्यांच्या मध्ये कुडीत थांबलेले जुने दर्यावर्दी सांगत. गोव्यातील हजारो कुटुंबांचा चरितार्थ ज्या जहाजी नोकऱ्यांवर चालला, त्यांची खरी प्रशिक्षण-शाळा ही होती. तिला सरकारी मान्यता नव्हती, पण तिथे आलेला माणूस एकटा पडत नव्हता.

त्याच मुंबईत गिरणगावातील खाणावळी चालवणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. पुरव यांचा जन्म गोव्याचा, आणि गोवा मुक्तिलढ्यात त्यांनी गोळी झेललेली. गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. एकेकटीला बँक दारात उभे करत नव्हती. गट केला, एकीने दुसरीची हमी घेतली, तेव्हा राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. पुढे अशा हजारो स्त्रिया मंडळात आल्या. येथे मार्गदर्शन आणि संघटन या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. जिला कर्जाचा अर्ज भरता आला, तिने दुसरीला शिकवले, आणि फेडीचा हप्ता चुकू नये म्हणून सगळ्याच एकमेकींकडे लक्ष ठेवून राहिल्या.

ज्येष्ठ शिकवत का नाहीत?

मग आजच्या कारखान्यात, हॉटेलात, कार्यालयात हे आपोआप का घडत नाही? ज्येष्ठांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्यांच्या बाजूने पाहिले तर तीन अडचणी दिसतात.

पहिली अडचण वेळेची. उत्पादनाचे उद्दिष्ट शिकवणाऱ्यालाही तेवढेच असते. नवख्याला दाखवण्यात दिवसाचा एक तास गेला, तर त्या तासाचे काम त्याने जादा थांबून भरून काढायचे असते. ज्या कामाला वेळ नाही आणि बढतीत गुण नाहीत, ते काम चांगुलपणावर चालते, आणि चांगुलपणा हंगामाच्या गर्दीत सर्वांत आधी संपतो.

दुसरी अडचण भीतीची. आपण शिकवलेला मुलगा उद्या कमी पगारात आपल्याच जागी बसेल, ही शंका निराधार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. सर्व कामगारांना नियुक्तिपत्र आणि मुदतबंद कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर उपदान, या त्यांतल्या स्वागतार्ह तरतुदी आहेत. पण मुदतबंद नोकरीला त्यांनी रीतसर चौकट दिल्यामुळे अशा नोकऱ्या वाढतील, असा अंदाज कामगार संघटना मांडत आल्या आहेत. ज्याची स्वतःची मुदत वर्षभराची, तो दुसऱ्याला घडवण्यात मन किती घालेल? ज्याला आपले भविष्य सुरक्षित वाटते, तोच हातचे राखून न ठेवता शिकवतो. शिकाऊ उमेदवार तर कामगाराच्या व्याख्येबाहेरच राहिला आहे. त्यामुळे त्याची तक्रार मांडणारी संघटनाही सहसा नसते.

तिसरी अडचण मालकाची. शिकवून तयार केलेला माणूस शेजारच्या कारखान्याने दोन हजार जास्त देऊन नेला, तर खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्येच हे मांडले होते: जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते, त्याच्या शिक्षणाचा खर्च एकटा मालक उचलायला तयार नसतो. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, जेथे एका फाटकातून निघून पलीकडच्या फाटकात जाता येते, तेथे ही अडचण अधिकच खरी. प्रत्येक कारखाना तयार माणूस शोधत राहतो, तयार करत कोणीच नाही, आणि शेवटी मुलाखती राज्याबाहेर होतात.

याशिवाय एक प्रश्न निवडीचा आहे. मार्गदर्शन निव्वळ मर्जीवर सोडले, तर ज्येष्ठ माणूस आपल्यासारख्याला जवळ करतो: आपल्या गावचा, आपल्या भाषेचा, आपल्यासारखाच पुरुष. कामानंतर एकत्र बसणाऱ्यांच्या गटात जे कळते, ते त्या गटात नसलेल्या मुलीला कळत नाही. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सांगतो. गोव्यातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी, एक दशक उलटूनही अंमलबजावणी ढिली असल्याबद्दल खेद व्यक्त करून समित्या आहेत की नाहीत याची पडताळणी करायला सांगितली. मार्गदर्शकाच्या हाती नवख्यावर सत्ता येते, आणि सत्तेला जाब हवा. म्हणून मार्गदर्शन उघड, नोंदलेले आणि एकाहून अधिक माणसांच्या नजरेखाली असले पाहिजे. कायद्याच्या धास्तीने मुलींना शिकवणेच टाळणारे ज्येष्ठ मात्र त्यांचे दुहेरी नुकसान करतात.

जर्मनीचा धडा

कारखान्यातील शिक्षणासाठी जर्मनीचे नाव आपल्याकडे सतत घेतले जाते. आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि उरलेले कामावर, ही तिथली रचना सर्वांना माहीत आहे. तेथे १९६९ च्या व्यावसायिक शिक्षण कायद्याने शिकवणाऱ्याची पात्रता ठरवली आणि १९७२ च्या आदेशाने तिचा तपशील आखला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आपल्या कामात निपुण असणे पुरेसे नाही. ते काम दुसऱ्याला कसे शिकवायचे, याची परीक्षा कारखान्यातल्या प्रशिक्षकाला द्यावी लागते.

या कथेला एक वळणही आहे. २००३ मध्ये, शिकाऊ जागा कमी पडतात आणि या परीक्षेच्या अटीमुळे लहान कंपन्या मागे राहतात, असे म्हणून जर्मन सरकारने ती अट स्थगित केली. जागांची संख्या वाढवण्यासाठी शिकवणाऱ्याची पात्रता बाजूला ठेवली गेली. २००९ मध्ये ती अट पुन्हा लागू करण्यात आली, कारण शिक्षणाचा दर्जा राखायचा तर तिच्यावाचून भागत नाही, असा निष्कर्ष निघाला. जागा की शिकवणारा, असा पेच ज्या देशाने सहा वर्षे अनुभवला, त्याने शेवटी शिकवणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. आपण मात्र अजून जागाच मोजत आहोत.

गोव्याला काय करता येईल?

गोव्याचा आकार लहान आहे, आणि या बाबतीत तो फायद्याचा आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी स्वयंपूर्ण गोवा उपक्रम सुरू करताना राज्य सरकारने गावोगावी 'स्वयंपूर्ण मित्र' नेमले. एक सरकारी अधिकारी एका पंचायतीशी जोडायचा, त्याने ठरलेल्या दिवशी तिथे जायचे, लोकांच्या अडचणी ऐकायच्या आणि योजना त्यांच्यापर्यंत न्यायच्या, अशी ती कल्पना. तिच्या यशापयशाविषयी मतभेद आहेत. जिथे अधिकारी रमला तिथे काम झाले, जिथे तो केवळ हजेरीपुरता गेला तिथे छायाचित्र तेवढे निघाले. पण त्यामागचे तत्त्व बरोबर आहे: योजनेला माणसाचे नाव लागले पाहिजे. १९१ पंचायतींना मित्र देऊ शकणारे राज्य प्रत्येक शिकाऊ उमेदवाराला एक नावानिशी मार्गदर्शक का देऊ शकत नाही?

त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. शिकाऊ उमेदवाराच्या करारपत्रात मार्गदर्शकाचे नाव असावे आणि त्याच्या कामाच्या वेळेतले आठवड्याचे काही तास या कामासाठी राखलेले असावेत. सुरुवात सरकारी खात्यांपासून करावी. तिथे शिकाऊ उमेदवार पत्रव्यवहाराच्या फायली वाहण्यात वर्ष घालवतो, अशी तक्रार ऐकू येते. खात्यानेच उदाहरण घालून दिले नाही, तर खासगी कारखान्याला उपदेश करण्याचा अधिकार सरकारला उरत नाही. शिकवल्याची नोंद ज्येष्ठाच्या वार्षिक मूल्यमापनात यावी आणि बढतीत तिचे वजन पडावे. राज्य सरकार विद्यावेतनाला जो हातभार लावते, त्यातला काही भाग मार्गदर्शकाच्या भत्त्यासाठी वळवता येईल.

लहान उद्योगांना हे एकट्याने झेपणार नाही. पंधरा माणसांच्या कारखान्यात प्रशिक्षणासाठी वेगळा माणूस ठेवता येत नाही. तेथे औद्योगिक वसाहतीची संघटना पुढे येऊ शकते. वसाहतीतल्या दहा कारखान्यांनी मिळून मुलांना आळीपाळीने फिरवावे आणि महिन्यातून एकदा सर्व शिकाऊंना एकत्र बसवावे. 'आमच्याकडे असे घडले' या हकिकती तिथे सांगितल्या जातील आणि दहा ठिकाणी विखुरलेल्या एकट्या मुलांचा एक गट बनेल. माणूस पळवला जाण्याची भीतीही अशा सामायिक व्यवस्थेत कमी होते, कारण तयार होणारा माणूस साऱ्या वसाहतीचा असतो. आणि शिकवणारे कमी नाहीत. वास्कोतील जहाजबांधणी कारखान्यातून, मुरगाव बंदरातून, जहाजांवरून, हॉटेलांतून निवृत्त झालेली कुशल माणसे गोव्याच्या गावागावांत आहेत. त्यांतल्या अनेकांच्या हाती वेळ आहे, आणि विचारणारे कोणी नाही.

शेवटी मोजमाप बदलावे लागेल. किती करार झाले, किती विद्यावेतन वाटले, यांबरोबरच वर्ष संपल्यावर किती जण टिकले, किती जण त्याच क्षेत्रात नोकरीला लागले आणि मधेच किती सोडून गेले, का गेले, हे आस्थापनानिहाय प्रसिद्ध व्हावे. पालक मुलाला एखाद्या कारखान्यात पाठवण्यापूर्वी हे आकडे पाहू शकतील. चांगल्या शिकवणाऱ्या कारखान्याला चांगली मुले मिळतील, आणि हेच त्याचे सर्वांत मोठे बक्षीस ठरेल.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे, त्याला आणखी एक कारण आहे. मसुदा लिहिणे, हिशेब जुळवणे, प्राथमिक आराखडा काढणे अशी जी किरकोळ कामे करत करत नवखे कर्मचारी आजवर शिकत आले, ती आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवली जात आहेत. लायबेरियातल्या शिंप्याच्या दुकानातून गुंड्या लावण्याचे काम काढून घेतले, तर मुलगा कापड बेतण्यापर्यंत पोहोचणार कसा? शिडीच्या खालच्या पायऱ्या निघून जात असताना वर उभ्या असलेल्यांनी हात देणे हाच मार्ग उरतो, आणि तो हात देणे हे कामाच्या वेळेतले, पगारातले आणि मानाचे काम ठरवावे लागेल.

गोव्यातील नोकऱ्या गोमंतकीयांना मिळाव्यात, ही मागणी रास्त आहे. पण ती केवळ मुलाखती कोठे होतात, यावर लढली जाऊ नये. मुलाखत पणजीत घेतली तरी प्रश्न तोच राहणार आहे: 'अनुभव आहे का?' त्याचे होकारार्थी उत्तर देता यावे, यासाठी आज आपल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या हजारो ज्येष्ठांना वेळ, सुरक्षितता आणि श्रेय द्यावे लागेल. येत्या अर्थसंकल्पात कौशल्य विकासाच्या शीर्षाखाली किती कोटी ठेवले जातात, हे सर्वजण पाहतील. त्यातले किती शिकवणाऱ्यासाठी आहेत, हेही विचारायला हवे.